उजव्या गालावरचा वारा

ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना नाही त्यांनी वाचून सोडून द्यावं, आणि उद्या सकाळी तोंडावर गार पाणी मारताना देवाला एकदा हात जोडावेत. तोंड धुणं ही केवढी चैन आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मी रत्नागिरीजवळच्या भाट्याचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरून गलबत नेणारा. रत्नागिरीच्या खाडीतून नारळ, आंबा, जळाऊ लाकूड भरून मुंबईला जाणारा एक मचवा माझ्या हाताखाली असे. शाळेत मराठी चौथीपर्यंत गेलो, पुढचं शिक्षण बापाने आणि वाऱ्याने केलं. तांडेलाला वारा दिसत नाही, तो त्याच्या गालांना कळतो. दोन्ही गालांना सारखा लागला तर समोरचा, एकाच गालाला लागला तर त्या अंगाचा. खलाशी शिडाकडे बघतात, पण शीड हलतं तेव्हा वारा फिरून चुकलेला असतो. गालाला ते आधी समजतं.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. त्याच्यावरच आमचं निघणं. मुंबईला जाताना जमीन उजव्या हाताला असते, म्हणून मतलई उजव्या गालाला लागतो. त्याला वास असतो, सारवलेल्या अंगणाचा, चुलीतल्या ओल्या लाकडाच्या धुराचा, दिवस असले तर आंब्याच्या मोहराचा. डोळे मिटले की आपण समुद्रावर आहोत की ओटीवर निजलो आहोत ते समजू नये, असा वारा.

आमच्याकडे एक रीत आहे. नांगर उचलला की तांडेलाने मागे वळून बघायचं नाही. मागे बघणाऱ्याला घर ओढतं, असं म्हणतात. मी कधी बघितलं नाही. बघण्यासारखं काही होतं असंही नाही. माझी बायको पार्वती पहिल्या वर्षीच सांगून मोकळी झाली होती, "माज्या पाठी कामां काय कमी हायत? तुमची पाठ बघीत किनाऱ्यावर कोण उभा ऱ्हाणार?"

असो. दुखणं आलं ते नेमकं त्याच उजव्या गालात.

*

पहिल्यांदा आलं तेव्हा हर्णैच्या अलीकडे सुकाणूवर बसलो होतो. वरच्या दाढेपासून कानापर्यंत एक वीज गेली. ओरडायला तोंड उघडेपर्यंत संपलीसुद्धा. धोंडू, म्हणजे पार्वतीचा धाकटा भाऊ आणि माझा उजवा हात, म्हणाला, "काय चावलां काय?" मी म्हटलं, "दाढ असेल."

दाढ असेल, असं सगळेच म्हणाले. बाजारातल्या दात काढणाऱ्याने एक काढली. दुखणं तसंच. मग शेजारची काढली, मग तिच्या शेजारची. तिन्ही दाढा मोत्यासारख्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पुढे दुखण्याने घरात बिऱ्हाडच केलं. पाणी लागलं की वीज. घास चावला की वीज. बोललो, हसलो, शिंक आली की वीज. आणि वारा लागला की हटकून. मी कुणालाही सांगायला गेलो की "वारा लागला की दुखतं," तर ऐकणारा मान हलवून म्हणे, "भायरचा वारा लागला असंल." मग नारळ उतरवणं आलं, अंगारा आला, आणि तो अंगारा कपाळाला लावतानाही मी हात जोडून सांगायचो की बाबांनो, गालाला हात लावू नका.

उजव्या गालाची दाढी करायची बंद झाली. चावणं बंद, मग पेज. पार्वती माझ्या जवळून जाताना पदर आवरून, भिंतीला धरून जायची, का तर पदराचा वारा लागेल. विनोद करणं तिने सोडलं, कारण हसलो की मरण. आमच्या घरात सारखी थट्टा चाले, तिथे दोन माणसं मुक्यासारखी वागू लागली. मी माजघरात दार लोटून बसून राहायचो. अंधारात बसून समुद्र ऐकायचा आणि पुढच्या विजेची वाट बघायची. मध्ये मध्ये डोळा लागे, आणि त्या ग्लानीत मला वाटायचं की मी एका मचव्यात आहे, शीड पूर्ण फुगलेलं आहे, पण वारा कुठूनच येत नाही.

खाडीच्या खोल पाण्याकडे बघून मनात नको ते आलं होतं, हेही लिहून ठेवतो. ज्यांच्या मनात येत असेल त्यांना कळावं की ते एकटे नाहीत, आणि त्यावर इलाज आहे.

*

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला एका मोठ्या इस्पितळाची वाट दाखवली. आगबोटीने गेलो. तिथले डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. मी दारातून आत पाऊल टाकलं, आणि ते बसल्या जागेवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "उजव्या गालाला हात लावू देत नाही ना तुम्ही?"

मी चकित झालो. ते म्हणाले, "अर्धी दाढी केलेली, अर्धी वाढलेली. हे तोंड मी ओळखतो."

मी तिथे उभ्या उभ्या रडलो. दुखण्याने नव्हे. आपलं दुखणं ओळखणारा माणूस भेटला म्हणून. इतके दिवस दातवाल्यांनी, देवऋष्यांनी आणि सोयऱ्यांनी मला खोटं पाडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दात निर्दोष आहेत. चेहऱ्याची एक शीर असते, ती बिघडली आहे. वारा लागला तरी ती विस्तव लागल्यासारखी बोंब मारते.

आधी त्यांनी सुई दिली. गालातून लांबलचक सुई आत घालून त्या शिरेत दारू सोडायची. दुखलं, पण मिनिटात सगळं गार. उजवा गाल बधिर लाकूड झाला. भाट्यात परतल्यावर धोंडूने गावभर केलं, "भावजींनी जन्मात थेंब घेतला नाय, आणि मुंबईला जावन गालातून प्यायले!" मी मनसोक्त हसलो. भात खाल्ला, मासे खाल्ले, तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

आणि मचव्यावर गेलो.

रत्नागिरीच्या किल्ल्याचं टोक समुद्रात घुसलेलं आहे. खाडीतून निघालं की ते उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा. तिथे डोंगर मतलईला अडवतो, आणि वारा एकदम पडतो नाहीतर फिरतो. त्या जागेला मी आंधळ्यासारखा उजव्या गालाने चाचपत जात असे. त्या पहाटे गाल काहीच बोलला नाही. वारा आहे असं धरून चाललो, तो केव्हाच फिरला होता.

"भावजी, खडक!" धोंडू ओरडला आणि माझ्या हातावर हात टाकून त्याने सुकाणू फिरवलं. मचवा खडकाला घासून गेला. मीच उठलो आणि सुकाणू धोंडूला दिलं. मुंबईपर्यंत मी नारळाच्या राशीवर बसून गेलो, मालासारखा.

*

त्या सुईचा गुण कायमचा नव्हता. वर्ष होऊन गेलं असेल. एका पहाटे ओटीवर पडलो होतो. अर्धवट झोप होती. माडांच्या झावळ्या हलल्या, आणि कुणीतरी उजव्या गालावरून पिसासारखी बोटं फिरवली. मतलई! परत आला होता. मला इतका आनंद झाला की मी उठून बसलो. अंगणाचा, धुराचा वास घेतला. वाटलं, पार्वतीला हाक मारावी.

तोंड उघडलं आणि वीज पडली.

तेव्हा मला समजलं की दोघं एकाच वाटेने येतात. वारा हवा असेल तर वीज घ्यायची. वीज नको असेल तर वाराही नाही.

डॉक्टरांनी या वेळी सरळ सांगितलं. "तांडेल, मी तुम्हाला फसवणार नाही. कानाच्या वर कवटीला भोक पाडून त्या शिरेची मुळी कापायची. दुखणं परत येणार नाही. पण गालही परत येणार नाही. कायमचा बधिर. जिवाला धोका आहेच. घरी जा, विचारून या."

*

पार्वती विळीवर नारळ खवत होती. मी शक्य तितकं तोंड न हलवता सांगितलं, "कवटी उघडणार आहेत. दुखणं जाईल. पण उजव्या अंगाचं वारं जाणार."

तिचा हात थांबला. "कायमचां?"

"कायमचं."

"परत नाय येयाचां?"

"नाही म्हणाले."

अर्धा नारळ तिने विळीच्या दात्यावर तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "असां रोज मरताय त्यापेक्षां तां बरां. जावा तुमी. मी हाय ना."

मला थोडं नवल वाटलं, की गालाच्या बधिरपणाला ही एवढी गंभीर का झाली. तांडेलकी जाईल म्हणून असेल, असं मी धरलं. मला तेवढीच एक भीती होती, म्हणून तिलाही तीच असेल असं वाटलं. मी मुंबईला गेलो.

*

इस्पितळात दिवस घंटेवर चालतो. घंटेला उठायचं, घंटेला चहा, घंटेला कपाळावर हात. एका सिस्टरला माझं दुखणं ठाऊक होतं. माझ्या खाटेजवळची खिडकी ती स्वतः लावून घ्यायची आणि पंखा फिरवू द्यायची नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तिला अजून दुवा देतो. मला वाटतं आजारपणात माणसाच्या लक्षात असलंच काही राहतं.

न्हाव्याने अर्धं डोकं भादरलं. मग गुंगीची सुई. पुरतं झोपवणार नव्हते, कारण डॉक्टरांना मध्ये मध्ये विचारायचं होतं. मला टेकून बसतं केलं. कानाच्या वर काहीतरी चाललं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात चाललं आहे असं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "तांडेल, बोलत राहा. काहीही बोला."

मला काय येतं? मी बंदरं म्हणायला लागलो. रत्नागिरी सोडली. जयगड आलं. दाभोळ आलं. पाणी गुळगुळीत होतं आणि मचवा आपोआप चालला होता. हर्णैला किल्ल्याच्या भिंतीवर माझा बाप बसलेला दिसला, दोन्ही पाय हलवत. तो तर मरताना लुळा होता. मी म्हटलं, "बाबा, पाय कधी बरे झाले?" तो म्हणाला, "वारा बग, वारा." बाणकोट गेलं. श्रीवर्धनपर्यंत मतलई उजव्या गालाला होता, अगदी घरच्यासारखा, वास सुद्धा. मी म्हटलं, "मुरूड."

आणि वारा गेला. जोराने नाही गेला. कुणी हलक्या हाताने दार ओढून घ्यावं तसा.

डॉक्टर नंतर रोज फेरीला आले की विचारायचे, "काय तांडेल, मुरूडच्या पुढे गेलात का?"

*

कुणाला कामाला येईल म्हणून लिहितो. त्या अंगाच्या डोळ्यात कण गेला तर कळत नाही, म्हणून रोज आरशात डोळा बघावा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावा. बाहेर जाताना चष्मा घालावा, लोक साहेब म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नये. चहा डाव्या ओठाने पारखून घ्यावा. जेवल्यावर उजव्या गालात भात राहतो, तो बोटाने काढावा. ओठ चावला गेला तर रक्त दिसेपर्यंत समजत नाही. सुरुवातीला आपला अर्धा चेहरा दुसऱ्याचा वाटतो. हळूहळू तो दूरचा नातेवाईक वाटू लागतो, आणि मग त्याचं येणं-जाणं अंगवळणी पडतं.

एवढ्यावर वीज बंद होते. सौदा वाईट नाही.

*

आगबोट रत्नागिरीला आली. उतारू नेणाऱ्या पडावातून किनाऱ्याकडे येताना बघतो तर बंदरावर पार्वती. ती कधी बंदरावर न येणारी. तिच्यामागे धोंडू, गावातले चार गडी आणि त्यांच्या खांद्यावर डोली. मला वाटलं, पडावात कुणी बाळंतीण असेल.

मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि चालत वर आलो. चौघे गडी डोली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले, फसवल्यासारखे.

"तुमी चालताय?" पार्वती म्हणाली.

"मग काय पोहू?"

तिने माझा उजवा हात उचलून पाहिला. खाली वाकून पाय दाबून पाहिला. सगळ्या बंदरादेखत. "वारां गेलां नाय?"

"गेलं की."

"मग चालताय कशे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे अंगावरून वारं जाणं म्हणजे अर्धांग. माझ्या बापाचं वारं गेलं होतं. तो मरेपर्यंत खाटेवर होता आणि त्याचं हगणं-मुतणं पार्वतीने काढलं होतं. मी तिला गालावरची झुळूक सांगितली आणि तिने अर्धांग ऐकलं. समुद्रावरच्या माणसाने बायकोशी वाऱ्याबद्दल बोलताना जरा जपून बोलावं.

मी हसायला लागलो. तोंड उघडून, खदखदून. हसता हसता मी विजेची वाट बघितली, ती आली नाही. पार्वती आधी रागावली, मग रडली, मग तीही हसली. डोली फुकट जाऊ नये म्हणून धोंडू तीत बसला आणि गड्यांनी त्याला थोडं नेऊन वाळूत ओतलं.

घरी गेलो तेव्हा मात्र हसू गेलं. माजघरात खिडकीपाशी बापाची खाट मांडलेली होती. आढ्याला नवा काथ्याचा दोर बांधला होता. लुळ्या माणसाला उठून बसताना धरायला लागतो तो. खाटेखाली घासून ठेवलेलं भांडं. म्हणजे विळीवर हात थांबला होता तेव्हा तिने हे सगळं बघितलं होतं, उरलेल्या जन्माचं, आणि मग म्हणाली होती, "मी हाय ना."

मी खाटेवर बसून रडलो. डाव्या गालावरून पाणी आलेलं समजलं. उजव्या गालावरचं पाणी तिने पदराने पुसलं, आणि तो पदर मला फक्त दिसला. किती वर्षांनी ती त्या गालाला हात लावत होती. "लागतां काय?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "नाय लागूदे. मला लागतां ना."

*

राहता राहिली तांडेलकी.

नारळी पुनवेनंतर मचवा पाण्यात लोटला. धोंडूने सुकाणू माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, "तूच धर. मागच्या वेळी काय झालं ते पाहिलंस." तो म्हणाला, "टोकापर्यंत तुमी. नाय जमलां तर मग माजा." टोक पार करता आलं तर मी तांडेल, नाही तर यापुढे नारळाची रास. दोघांनाही ते ठाऊक होतं.

पहाट उजळत होती. नारळ वाहिला, नांगर उचलला, खाडीचं तोंड सोडलं. शीड भरलं होतं, म्हणजे मतलई होता. माझ्या पाठीशी उजव्या अंगाला कुठेतरी होता. पण उजव्या गालाला काही नाही. नुसती बंद खोली. पाणी दुधासारखं पांढरट, किल्ल्याचा काळा डोंगर हळूहळू मोठा होत येणारा. मला इस्पितळातली गुंगी आठवली. तसंच वाटत होतं, मचवा चाललाय आणि मी कुठे दुसरीकडे आहे. वारा कधी फिरणार? आता? की फिरला?

डावा गाल जिवंत होता. पण तो समुद्राकडे. त्याला जमिनीकडे करायचं तर एकच उपाय होता, मान पुरती मागे वळवायची.

मी मागे बघितलं.

डाव्या गालावर मतलई आला. सगळाच्या सगळा, सारवणाचा, धुराचा. पातळ होत होता, आणि हळूच सरकून कानाकडे चालला होता. फिरत होता. "शीड आवळा!" मी ओरडलो, आणि सुकाणू दाबलं. मचवा अंग चोरून वळला आणि खडक बाजूला राहिले.

पण मी पुढे बघायचं विसरलो होतो. भाट्याच्या वाळूत, माडांच्या पुढे, एक हिरवं लुगडं उभं होतं. एवढंसं दिसत होतं, पण उभं राहण्याची ढब मी ओळखतो. मी बघतो आहे हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती चटकन एका माडाच्या मागे गेली. माड केवढा, ती केवढी! अर्धं लुगडं बाहेरच.

"ती आज कशी आली?" मी म्हटलं.

"आक्का?" धोंडू शीड बांधत म्हणाला. "ती दर खेपेला असता. टोक वळेपर्यंत. आमाला सगळ्यांना म्हाईत हाय. तुमीच मागे बघीत नव्हता."

मी मान तशीच मागे ठेवली. मागे बघणाऱ्याला घर ओढतं म्हणतात. ओढत होतं.

थोड्या वेळाने धोंडूने विचारलं, "तांडेल, वारा कुठचा?"

"घरचा," मी म्हटलं.